तहान लागल्यावर विहीर
वाचकांचे प्रश्न : एनएफएल ड्राफ्टमध्ये (अमेरिकन फुटबॉल लीगमधल्या नव्या खेळाडूंच्या निवडीत) आधी कोणती जागा भरायची?

सोमवारी पहाटे पाचला उठून सुपर बोल, म्हणजे एनएफएलचा अंतिम सामना पाहतो. खेळ आता बऱ्यापैकी कळतो, ड्राफ्ट कळत नाही. आयपीएलच्या लिलावासारखंच ना ते? मग अमुक जागेचा खेळाडू आधी, तमुक जागेचा नंतर, यावर एवढा खल कशाला? – एक वाचक, पुणे

लिलावात पैसा तुमच्या हातात असतो, ड्राफ्टमध्ये फक्त नंबर. आयपीएलच्या २०२५ च्या मोठ्या लिलावात, राखून ठेवलेल्या खेळाडूंचा खर्च धरून, प्रत्येक संघाच्या थैलीत १२० कोटी रुपये होते. लखनौला ऋषभ पंत हवाच होता, त्यांनी २७ कोटी मोजले आणि विषय संपला. एनएफएलमध्ये असं करता येत नाही. ३२ संघ, ७ फेऱ्या, आदल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट त्याचा नंबर पहिला, विजेत्याचा शेवटचा. कॉलेजातून आलेल्या खेळाडूचा पगार तो कितव्या नंबरवर निवडला गेला यावर जवळजवळ ठरलेला असतो, मग तो क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा सूत्रधार) असो की गार्ड (त्याच्यापुढच्या भिंतीतला).

ही पद्धत लीग आणि खेळाडूंच्या संघटनेतल्या २०११ च्या करारापासूनची. त्याआधी २०१० मध्ये पहिल्या नंबरच्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी ७ कोटी ८० लाख डॉलरचा करार मिळाला होता. पुढच्याच वर्षी पहिल्या नंबरच्या कॅम न्यूटनला मिळाले चार वर्षांचे २ कोटी २० लाख.

खल सुरू होतो तो इथूनच. नव्या पोराचा पगार जागेवर ठरत नाही, पण खुल्या बाजारात तयार खेळाडूचा पगार मात्र जागेवरच ठरतो. ‘फ्रँचायझी टॅग’ची रक्कम पाहिली की बाजारभाव कळतो. करार संपलेल्या खेळाडूला एक वर्ष अडवून ठेवण्यासाठी द्यावी लागणारी ही रक्कम त्या जागेवरच्या सर्वांत महागड्या खेळाडूंवरून काढतात. २०२५ मध्ये ती क्वार्टरबॅकसाठी सुमारे ४ कोटी २ लाख डॉलर होती, वाइड रिसीव्हरसाठी (फेकलेला चेंडू झेलणारा) २ कोटी ४० लाख, कॉर्नरबॅकसाठी (रिसीव्हरवर पहारा देणारा) २ कोटी २ लाख, सेफ्टीसाठी (बचावातला सर्वांत मागचा) १ कोटी ८६ लाख, टाइट एंडसाठी (झेलणारा आणि अडवणाराही) १ कोटी ३८ लाख, रनिंग बॅकसाठी (चेंडू घेऊन धावणारा) १ कोटी ३६ लाख आणि किकर-पंटरसाठी (चेंडूला लाथ मारणारे) ६३ लाख.

आता हिशेब मांडा. २०२५ च्या आठव्या नंबरचा करार चार वर्षांचा, साधारण २ कोटी ८० लाखांचा, म्हणजे वर्षाला ७० लाख. त्या नंबरवर अव्वल रिसीव्हर मिळाला तर बाजारभावाच्या तुलनेत वर्षाला १ कोटी ७० लाख वाचतात. तितकाच अव्वल रनिंग बॅक मिळाला तर ६६ लाख. त्या वर्षी संघाच्या पगारांची कमाल मर्यादा २७ कोटी ९२ लाख डॉलर होती आणि त्यात ५३ जणांचा मुख्य संघ बसवायचा होता. वाचलेल्या एका कोटीत एक बरा गार्ड येतो.

टॅगचा तक्ता वाचताना एक खबरदारी घ्या. त्यात क्वार्टरबॅकपुढच्या आक्रमणाच्या फळीतले टॅकल (कडेचे), गार्ड (आतले) आणि सेंटर (मधला) एकाच खान्यात टाकलेले असतात, म्हणून गार्ड आहे त्यापेक्षा महाग दिसतो. लाइनबॅकरच्या (बचावाच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा) खान्यातही क्वार्टरबॅकच्या मागे धावणारे एज रशर मिसळलेले असतात. मधल्या साध्या लाइनबॅकरचा खरा भाव त्याहून बराच कमी.

आमच्या टीमकडे धड रिसीव्हर नाही आणि क्वार्टरबॅकपुढची भिंतही फाटकी. पहिल्या फेरीत कोण घ्यावा यावरून घरात दोन तट पडलेत. – एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

हाच वाद २०२१ मध्ये सिनसिनाटी बेंगल्सबद्दल झाला होता, आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये बेंगल्सचा नवा क्वार्टरबॅक जो बरो याच्या डाव्या गुडघ्याचे लिगामेंट तुटले. साऱ्या गावाला वाटलं, आता पाचव्या नंबरवर टॅकलच घेणार आणि तो पनेई सुएलच. बेंगल्सनी घेतला रिसीव्हर जमार चेस, बरोचा कॉलेजातला जोडीदार. सुएल सातव्या नंबरवर डेट्रॉइटला गेला आणि लीगमधल्या सर्वोत्तम टॅकलांपैकी एक झाला. चेसने पहिल्याच हंगामात १,४५५ यार्ड काढले. बरोला मात्र त्या हंगामात विरोधकांनी ५१ वेळा चेंडूसकट आडवा केला. पुढे प्लेऑफमध्ये टेनेसीविरुद्ध ९ वेळा आणि सुपर बोलमध्ये ७ वेळा. तरीही संघ सुपर बोलला पोचला आणि २३–२० असा हरला.

त्या सामन्यातला बेंगल्सचा शेवटचा डाव जरूर बघा. चौथा डाऊन, म्हणजे शेवटची संधी, एक यार्ड हवा. तिकडे दूर चेस आपल्या पहारेकऱ्याला मागे टाकून मोकळा झालाय. पण प्रतिस्पर्धी रॅम्सचा आरन डोनाल्ड गार्डला वळसा घालून आत घुसतो, बरोला धरून गरकन फिरवतो आणि चेंडू कसाबसा सुटून जमिनीवर पडतो. टॅकलवाले म्हणतात, पाहा, सांगत होतो! पण डोनाल्ड घुसला तो गार्डच्या बाजूने. टॅकलला सुएल असता तरी ती वाट उघडीच राहिली असती.

आमच्या मते बेंगल्सची चूक चेस घेण्यात नव्हती, दुसऱ्या फेरीत होती. तिथे ते दुसऱ्या संघाशी नंबरांची अदलाबदल करून ३८ वरून ४६ वर खाली आले आणि जॅक्सन कारमन नावाचा कॉलेजातला टॅकल गार्ड करायचा म्हणून घेतला. त्याला संघात पक्की जागा मिळवता आली नाही. त्या क्षणी सेंटर क्रीड हम्फ्री अजून शिल्लक होता. तो ६३ व्या नंबरवर कॅन्सस सिटीला मिळाला आणि आज त्याच्या तोडीचे सेंटर हाताच्या बोटांवर मोजावेत.

म्हणजे तुमच्या घरातल्या वादाचा निकाल पहिल्या फेरीवर लागत नाही. दोन्ही जागा भरायच्या असतील तर थांबल्याने कोणत्या जागेचं नुकसान जास्त होतं ते पाहा. समजा तुमचे नंबर १४ आणि ४६. तुमच्या मोजमापात आत्ता मिळणाऱ्या रिसीव्हरला ८५ गुण आहेत आणि ४६ पर्यंत थांबलात तर ७९ चा मिळेल. टॅकल आत्ता ८४ चा आहे, पण त्याच्या मागे दरी आहे, ४६ ला ७० चाच उरेल. आधी रिसीव्हर घेतला तर ८५ अधिक ७०, म्हणजे १५५. आधी टॅकल घेतला तर ८४ अधिक ७९, म्हणजे १६३. एक गुण कमी असलेला खेळाडू आधी घेऊन तुम्ही आठ गुण कमावलेत. रिसीव्हर दर वर्षी घाऊक येतात, चांगले टॅकल मोजके, त्यामुळे बहुतेकदा उत्तर टॅकल निघतं. पण दर वर्षीचं पीक वेगळं, तेव्हा आकडे नव्याने मांडायचे.

‘सर्वांत चांगला खेळाडू घ्या’ की ‘गरज असेल तो घ्या’? टीव्हीवरचा प्रत्येक जाणकार दोन्ही सांगतो. – एक वाचक, डॅलस

फिलाडेल्फिया ईगल्सचा २०२० चा ड्राफ्ट हे याचं उत्तर आहे. त्यांची उघडी गरज होती वेगवान रिसीव्हर. २१ व्या नंबरवर त्यांनी जेलन रेगर घेतला. पाठोपाठ २२ व्या नंबरवर मिनेसोटाने घेतला जस्टिन जेफरसन. जागा एकच, गरजही तीच, पण माणूस चुकला. रेगर दोन हंगामांनंतर विकला गेला, तोही मिनेसोटालाच. जेफरसन लीगमधल्या अव्वल रिसीव्हरांत जाऊन बसला, हे डॅलसकरांना सांगायला नको.

त्याच ड्राफ्टमध्ये ५३ व्या नंबरवर ईगल्सनी क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स घेतला, तेव्हा लोकांनी डोक्याला हात लावला. आदल्याच वर्षी कार्सन वेंट्झशी मोठा करार झालेला, मग हे कशाला? वर्षभरात वेंट्झचा खेळ ढासळला. फेब्रुवारी २०२५ मध्ये हर्ट्सने त्यांना सुपर बोल जिंकून दिला.

गरज ही एका वर्षात बदलणारी गोष्ट आहे, करार चार वर्षांचा. पहिल्या फेरीतल्याला पाचव्या वर्षीही ठेवण्याचा हक्क संघाकडे असतो. शिवाय एप्रिलच्या शेवटी ड्राफ्ट असतो आणि खुला बाजार मार्चच्या मध्यात उघडतो. जाणते संघ भोकं मार्चमध्येच बुजवतात. तिथे मध्यम दर्जाचा, एक-दोन वर्षांच्या करारावरचा खेळाडू चालतो, म्हणजे ड्राफ्टच्या रात्री कुणी गळा धरलेला नसतो. तहान लागल्यावर विहीर खणायला निघालेला संघ कोणत्याही खडकावर कुदळ मारतो. बेंगल्सनीही त्या मार्चमध्ये अनुभवी टॅकल राइली रीफ आणून ठेवला होता, म्हणून चेस घेण्याची मोकळीक मिळाली.

अडचण अशी की ‘सर्वांत चांगला’ हेही कुणाला नेमकं माहीत नसतं. केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या अभ्यासकांनी मोजून दाखवलं की एकाच जागेवरच्या लागोपाठ निवडलेल्या दोघांपैकी आधीचा सरस ठरण्याची शक्यता जेमतेम ५२ टक्के. नाणं उडवल्यासारखंच. म्हणून खेळाडूंना एक-दोन-तीन असे क्रमांक देण्याऐवजी गट पाडतात. तुमचा नंबर येईल तेव्हा शिल्लक असलेल्या सर्वांत वरच्या गटाकडे बघायचं. त्यात एकच नाव उरलं असेल तर गरज असो-नसो, ते घ्या. चार-पाच असतील तर खाली सरकून एक जादा नंबर पदरात पाडता येतो का पाहा. गरज आणि जागेची किंमत यांचा विचार फक्त एकाच गटातल्या नावांमधून निवडताना करायचा. खालच्या गटातला खेळाडू ‘आपल्याला हवाय’ म्हणून वर ओढला की तो पुढचा रेगर.

तुमच्या काउबॉइजनी २०२१ मध्ये नेमका हाच मोह टाळला. त्यांना हवे होते कॉर्नरबॅक. जेसी हॉर्न आठव्याला आणि पॅट्रिक सर्टेन नवव्याला गेले. दहाव्या नंबरवर तिसरा कॉर्नर उचलण्याऐवजी ते १२ वर सरकले, बदल्यात तिसऱ्या फेरीचा एक नंबर घेतला आणि मिळालेला माणूस होता मायका पार्सन्स, पुढे बचावातला अव्वल खेळाडू. त्याला २०२५ मध्ये का विकलं, हा प्रश्न कृपया आम्हाला विचारू नका.

ऑफिसच्या फँटसी लीगमध्ये सगळे रनिंग बॅकवर तुटून पडतात. मग खरे संघ त्याला पहिल्या फेरीत का टाळतात? – एक वाचक, सॅन होजे

कारण फँटसीत टंचाई वेगळ्या जागेची असते. बारा जणांच्या लीगमध्ये प्रत्येकी एकच क्वार्टरबॅक लागतो, म्हणजे ३२ पैकी १२, उरलेले २० फुकट पडून. रनिंग बॅक मात्र प्रत्येकी दोन, म्हणजे किमान २४ हवेत. आणि बरेच संघ चेंडू दोघा-तिघांत वाटत असल्याने भरपूर चेंडू मिळणारे बॅक तेवढे नसतातच. खऱ्या संघाला एक क्वार्टरबॅक बारा वर्षं पुरतो आणि बॅकचे पाय पाच-सहा वर्षांत थकतात.

शिवाय धावण्याचे यार्ड अर्धेअधिक भिंतीचे असतात. साक्वॉन बार्कलीला जायंट्सनी २०१८ मध्ये दुसऱ्या नंबरवर घेतला. सहा वर्षं तो दुखापतींतून आणि फाटक्या फळीमागून धावला. २०२४ मध्ये ईगल्सच्या फळीमागे गेला आणि त्याच वर्षी २,००५ यार्ड काढले. नामवंत बॅकांपैकी डेरिक हेन्री दुसऱ्या फेरीतला, ॲल्विन कमारा तिसऱ्या. २०२२ आणि २०२४ च्या पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक गेला नाही. म्हणून कधीच घेऊ नये असं नव्हे. ज्याच्याकडे भिंत आणि क्वार्टरबॅक दोन्ही आहेत त्याने विसाच्या पुढच्या नंबरवर खुशाल घ्यावा. पायाच नसताना कळस चढवणाऱ्यांचं हसू होतं.

क्वार्टरबॅकसाठी भविष्यातल्या पहिल्या फेऱ्या उधळणं कधी शहाणपणाचं? – एक वाचक, शिकागो

दोन सौदे शेजारी ठेवू. २०१७ मध्ये कॅन्सस सिटीने २७ वा नंबर, ९१ वा नंबर आणि पुढच्या वर्षीची पहिली फेरी देऊन दहावा नंबर घेतला आणि पॅट्रिक माहोम्सला निवडलं. आदल्या हंगामात ते १२ सामने जिंकले होते, त्यांचा क्वार्टरबॅक ॲलेक्स स्मिथ खेळतच होता. माहोम्स जवळजवळ वर्षभर बाजूला बसून शिकला.

२०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने १२ वा नंबर, पुढच्या दोन वर्षांच्या पहिल्या फेऱ्या आणि एक तिसरी फेरी देऊन तिसरा नंबर मिळवला. त्या नंबरवर घेतलेला क्वार्टरबॅक ट्रे लान्स त्यांच्यासाठी चार सामने सुरुवातीपासून खेळला आणि २०२३ मध्ये चौथ्या फेरीच्या एका नंबरावर डॅलसला गेला. तोवर २०२२ च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, २६२ वा खेळाडू ब्रॉक पर्डी त्यांचा क्वार्टरबॅक झाला होता.

नव्वदच्या दशकात प्रशिक्षक जिमी जॉन्सनच्या डॅलसने प्रत्येक नंबराला गुण देणारा तक्ता केला, तो अजून वापरात आहे. पहिला नंबर ३,००० गुण, तिसरा २,२००, बारावा १,२००, सोळावा १,०००, बत्तिसावा ५९०. सॅन फ्रान्सिस्कोने १,००० गुणांची चढण चढायची होती आणि दोन पहिल्या फेऱ्या अगदी बत्तिसाव्या धरल्या तरी १,१८० होतात, वर तिसरी फेरी. क्वार्टरबॅकच्या बाबतीत असा जादा दर सगळेच देतात, तेवढ्याने सौदा वाईट ठरत नाही.

आमची कसोटी वेगळी आहे. वर चढण्याआधी संघाने एक नाव ठरवलेलं हवं. सॅन फ्रान्सिस्कोचा सौदा मार्चच्या अखेरीस झाला, ड्राफ्टच्या महिनाभर आधी, आणि कोणाला घेणार यावर ड्राफ्टच्या रात्रीपर्यंत तर्क चालू होते. नाव आधी, चढाई नंतर. आणि चढल्यावर भिंत बांधायला नंबर उरले नाहीत तर नवा पोरगा पहिल्याच वर्षी मार खाऊन बिथरतो.

बचाव सुधारायचा तर आधी कॉर्नर की पुढची फळी? – एक वाचक, पिट्सबर्ग

पुढची फळी. फेब्रुवारी २०२५ च्या सुपर बोलमध्ये ईगल्सनी एकदाही ब्लिट्झ न करता, म्हणजे जादा माणसं पुढे न धाडता, माहोम्सला सहा वेळा पाडलं आणि ४०–२२ ने जिंकले. चार जणांनी दबाव आणला की मागे सात जण पहारा देतात, तेव्हा मध्यम कॉर्नरही चांगला दिसतो. त्यातला जेलन कार्टर नवव्या नंबरचा, जॉर्डन डेव्हिस तेराव्याचा. पण त्या दिवशी अडीच सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसकट पाडणं) घेणारा जॉश स्वेट चौथ्या फेरीतला आणि दोन घेणारा मिल्टन विल्यम्स तिसऱ्या फेरीतला होता. दर वर्षी या फळीत एखादा नंबर गुंतवत राहायचं, एकदाच सगळं ओतायचं नाही.

किकरने तीन सामने घालवले. दुसऱ्या फेरीत किकर घ्यायला काय हरकत आहे? – एक वाचक, टँपा

टँपात राहून हा प्रश्न? २०१६ मध्ये टँपा बेने वर चढून ५९ व्या नंबरवर रॉबर्टो अग्वायो घेतला. त्या हंगामात ३१ पैकी २२ किक आत गेल्या आणि पुढच्या हंगामाआधीच त्याला सोडून दिलं. पुढे सर्वोत्तम किकरांत गणल्या गेलेल्या जस्टिन टकरला २०१२ मध्ये कुणीच निवडलं नव्हतं. किकर ड्राफ्टनंतर बिननिवडीच्या पोरांतून दोघे-तिघे बोलवून, सरावात एकमेकांशी भिडवून शोधतात.

फुटबॉल म्हटल्यावर आम्हाला गोल आठवतो. आपल्याकडे असा ड्राफ्ट झालाय का? – एक वाचक, मडगाव

झालाय. इंडियन सुपर लीगमध्ये जुलै २०१७ चा ड्राफ्ट मुंबईत झाला. तिथेही बोली नव्हती, प्रत्येक खेळाडूची किंमत आधीच ठरलेली होती. जमशेदपूरने पहिल्यांदा उचलला तो बचावपटू अनस एडाथोडिका, १ कोटी १० लाखांना. नवा संघ मागून बांधायला घेणं, हे कोणत्याही फुटबॉलमध्ये ओळखीचं.

घरबसल्या आपल्या टीमच्या गरजांची यादी कशी करावी? – एक वाचक, अटलांटा

वहीचं एक पान पुरे. संघाच्या संकेतस्थळावरून खेळाडूंची यादी घ्या आणि चार रकाने आखा : हंगाम सुरू होताना वय, करार संपण्याचं वर्ष, गेल्या हंगामात किती टक्के डाव खेळला, दुखापत.

मग मुख्य अकरा नव्या पद्धतीने मोजा. आक्रमणात आज सर्वाधिक डाव तीन रिसीव्हर, एक टाइट एंड आणि एक बॅक घेऊन खेळले जातात, म्हणजे तिसरा रिसीव्हर मुख्य खेळाडूच. बचावात बहुतेक वेळ पाच जण मागे असतात, म्हणून आतल्या बाजूचा तिसरा कॉर्नर हा रोजचा माणूस आणि तिसरा लाइनबॅकर बाकावर. जुन्या तक्त्यावरून यादी करणारे इथेच फसतात आणि लाइनबॅकरची ‘गरज’ शोधून काढतात.

पुढे आत्ताची भोकं पेन्सिलने आणि पुढच्या मार्चमध्ये करार संपणारे पेनने खुणा करा. ड्राफ्टसाठी पेनच्या खुणा जास्त महत्त्वाच्या, कारण टॅकल आणि कॉर्नर यांना हात बसायला बहुधा वर्ष लागतं. जखमी होऊन परतणारा खेळाडू असलेली जागा भोक म्हणून धरू नका. प्रशिक्षक बदलला असेल तर बचावात पुढे तीन जण उभे करणार की चार, ते आधी शोधा. तीनवाल्यांना मध्ये अवजड नोज टॅकल लागतो आणि चारवाल्यांचा सडपातळ एंड (फळीच्या कडेचा खेळाडू) तिथे उपयोगाचा राहत नाही.

मार्चचा तिसरा आठवडा उलटला की नव्याने आलेल्यांची नावं भरून पेन्सिलच्या खुणा खोडा. पानावर तीनपेक्षा जास्त पेन्सिलच्या खुणा उरल्या असतील, तर तुमच्या संघाच्या पहिल्या निवडीच्या वेळी टीव्हीपासून जरा लांब बसा.